परतवारी आणि चित्रांचे दालन

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे संत नामदेव महाराजांचे जन्मगाव. पंढरीची वारी आटोपल्यावर आषाढ वद्य एकादशीस वारकरी परतवारीसाठी येथे येतात. त्यांत वृद्धांची संख्या मोठी असते. वय वाढले म्हणून दर्शनाची ओढ ओसरत नाही, हे आपण जाणताच. चित्रे पाहण्याची ओढही अशीच असते. पण ‘आता या वयात कशाला?’ या एका प्रश्नाने ती घरातच विरून जाते.

मुंबईस लेकाकडे वा लेकीकडे आपले जाणे होत असेल, तर एक सकाळ नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टसाठी राखून ठेवावी. १९११ साली बांधलेल्या सर कावसजी जहांगीर सभागृहात हे संग्रहालय १९९६ पासून आहे. येथे प्रामुख्याने ठरावीक मुदतीची प्रदर्शने भरतात. २०१९ साली चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन येथे झाले. पान, ढग, घड्याळ अशा नित्याच्या वस्तू त्यांच्या चित्रांत नव्या अर्थाने भेटतात. ‘पुढे कधीतरी पाहू’ म्हणणाऱ्यांचे ते प्रदर्शन मात्र राहून गेले.

२०१९ सालीच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इंग्लंडमधील पन्नाशी ओलांडलेल्या सहा हजारांहून अधिक व्यक्तींचा सुमारे १४ वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संग्रहालय, कलादालन, नाटक वा मैफल यांना दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, ३१ टक्के कमी आढळला. कलेमुळेच आयुष्य वाढते, असे यावरून सिद्ध होत नाही. चित्रे औषधाची जागाही घेत नाहीत. तथापि घराबाहेर पडणे, नवे पाहणे आणि त्याविषयी कोणाशी बोलणे यांचे मोल त्यातून ध्यानी येते.

या इमारतीतील दालने एकावर एक अशी वर चढत जातात. म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनी करून लिफ्ट, चाकाची खुर्ची आणि बसण्याची सोय यांची चौकशी करावी. सोमवारी संग्रहालय बंद असते. औषधांच्या वेळा सांभाळाव्यात, पायांत सवयीच्या चपला असाव्यात आणि तासाभराहून अधिक वेळ उभे राहू नये. एकच मजला पाहून परतलात तरी काही उणे राहत नाही.

सोबत जाणाऱ्या मुला-सुनांना एवढेच सांगणे : सर्व चित्रे दाखवण्याची घाई करू नका. आई-वडील एखाद्या चित्रापाशी थांबले, तर आपणही थांबा. अर्थ समजावण्याआधी ‘तुम्हांला यात काय दिसते?’ असे विचारा. कित्येक वर्षांत कोणी न विचारलेला तो प्रश्न असेल.

प्रदर्शनाला अखेरचा दिवस असतो. चालत्या पायांनाही असतो. तेव्हा बेत लांबणीवर टाकू नये. थोडेच पाहावे, आणि पुढच्या प्रदर्शनाला पुन्हा यावे. चित्रांचीही अशी परतवारी घडावी.