क्रँक

इंग्रजीत 'क्रँक' म्हणजे फिरवायचा वाकडा दांडा, आणि 'क्रँक' म्हणजे डोक्याने जरा सरकलेला माणूससुद्धा! आपल्याकडेही अशा माणसाला 'चक्रम' म्हणतात, आणि त्यातही चक्र आहेच. जन्मभर मराठी शिकवल्यामुळे असे योगायोग दिसले की मला राहवत नाही. पण आज हा शब्द आठवला तो आमच्या दादामुळे.

दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, आता त्र्याऐंशीचा. त्याची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी अजून कोल्हापुरात दारात उभी आहे. आता ती पुतण्या चालवतो आणि दादा शेजारी बसतो. गेल्या पावसाळ्यानंतर दादा म्हणू लागला, "इंजिनात खालून ठोका येतोय." पुतण्याला ऐकू येईना, सूनबाईंनाही येईना. दादाला कानाचं यंत्र आहे. त्यामुळे घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की आवाज गाडीत नाही, बाबांच्या कानात आहे. पुतण्या हसत म्हणाला, "बाबा, दारावरची बेल तुम्हाला ऐकू येत नाही आणि इंजिनातला ठोका बरा ऐकू येतो!" बोलण्यात वाईट हेतू नव्हता. पण दादा त्या दिवसापासून गाडीत बसेनासा झाला. जेवताना बोलणंही कमी झालं. म्हाताऱ्या माणसाचं चुकलं तर त्याला चालतं हो, पण आपलं म्हणणं कुणी तपासूनही पाहत नाही हे फार लागतं.

शेवटी मीच म्हटलं, मिस्त्रींना एकदा दाखवू. त्यात काय जातंय?

मिस्त्रींनी इंजिन चांगलं तापू दिलं, पन्हाळ्याच्या चढापर्यंत गाडी नेली, मग ॲक्सिलरेटर दाबून एकदम सोडला. एकदा, दोनदा, तीनदा. उतरून दादाला म्हणाले, "काका, तुमचं बरोबर हाय. आवाज खालनं येतोय. हेडचं न्हाई, क्रँकचं काम हाय."

दादा काही बोलला नाही. नुसता चष्मा काढून पुसत राहिला.

नंतर आमच्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांना मी सहज विचारलं. ते म्हणाले, यात नवल काही नाही. वयाप्रमाणे बहिरेपण येतं ते बहुधा उंच, बारीक आवाजांपासून. बेल, पाखरं, 'स', 'फ' ही अक्षरं आधी जातात. खालच्या पट्टीतला जड आवाज बरीच वर्षं टिकतो. बेअरिंगचा ठोका असतो नेमका तसाच, जड आणि दबका. म्हणजे बेल न ऐकणारा माणूस ठोका ऐकू शकतो!

आता क्रँकशाफ्ट म्हणजे काय, ते आमच्या घरातल्या लेकी-सुनांसाठी सांगतो. जातं आठवा. खुंटा मधोमध नसतो, कडेला असतो, म्हणून हात पुढेमागे केला की तळी गोल फिरते. शिलाई मशीनच्या पायट्याचंही तसंच, पाय वरखाली आणि चाक गोल. मोटारीत पिस्टन वरखाली होतात, आणि क्रँकशाफ्ट त्या वरखालीचं फिरणं करतो. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५०! एवढ्या वेगात लोखंडावर लोखंड घासलं तर पाच मिनिटंही टिकायचं नाही. मध्ये केसाएवढी, कधी त्याहूनही पातळ अशी तेलाची साय असते. सगळा भार तिच्यावर. झीज होऊन फट वाढली की साय टिकत नाही, तेल तापून पातळ झालं की आणखीच, आणि मग ठोका. तसंच दामटत राहिलं तर कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भगदाड पडू शकतं.

इंजिन साखळीच्या कप्पीने उचलून बाहेर काढलं, उलटं केलं. क्रँक काढून मायक्रोमीटर लावला तर तिसऱ्या नंबरची पिन गोल राहिली नव्हती, लंबगोल झाली होती, वर ओरखडे. एरवी उद्यमनगरात नेऊन घासून घेतात आणि तेवढे जाड शेल बसवतात. पण हा क्रँक आधीच तीस थाऊ, म्हणजे पाऊण मिलिमीटरहून थोडा जास्त, घासलेला. पुढच्या मापाचे शेल मिळेनात. मग बदलणं आलं.

भंगारवाला गाडीचे जेवढे देत होता, त्याच्या दुपटीहून जास्त खर्च होता. पुतण्याने विचारलं, "काका, एवढा खर्च करायचा?" प्रश्न रास्त होता. मिस्त्रींनी त्याचं उत्तर दिलं, "ब्लॉक चांगला असंल तर क्रँक बदलावा. ब्लॉकच गेला असंल तर पैसं घालू नये." ब्लॉक शाबूत होता. दादाने आपल्या गुडघ्यावर थाप मारली. २०१९ मध्ये त्याचे दोन्ही गुडघे बदललेत!

मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. पण सुटे भाग अजून शोधले तर मिळतात. कुर्ल्याहून एक जुना, पण कधीच न घासलेला क्रँक मिळाला. गाडी बनली होती तीही कुर्ल्यालाच.

बसवणं मात्र पाहण्यासारखं होतं. आधी तेलाच्या वाटा हवेने साफ. मग शेल, त्यावर तेल, मग क्रँक. बेअरिंगच्या कॅप ज्या जागच्या त्याच जागी, त्याच दिशेने. एक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून पाहायचा, मगच दुसरी. मध्येच जड गेला तर पुन्हा खोलायचं. दोन दिवस दादा स्टुलावर बसून होता. शेवटच्या कॅपनंतर मिस्त्री म्हणाले, "काका, तुमी फिरवा." दादाने फिरवला. लोण्यातून फिरावा तसा फिरला.

पहिले हजार किलोमीटर गाडी हळू चालवायची, इंजिनावर जोर द्यायचा नाही, मग तेल बदलायचं, असं मिस्त्रींनी बजावलं आहे. पुतण्याला हे सगळ्यात अवघड जातंय. दादा शेजारी बसतो आणि काटा पन्नासच्या पुढे गेला की नुसता हात वर करतो. पुतण्या मुकाट्याने पाय सैल सोडतो. परवा तर त्याने गाडी थांबवून स्वतःच विचारलं, "बाबा, आता कसा वाटतोय आवाज?"

दादा पुन्हा जेवताना बोलतो. थोडं जास्तच बोलतो म्हणा ना!

घरातलं म्हातारं माणूस काही ऐकू येतं म्हणालं, तर लगेच त्याला चक्रम ठरवू नका. आधी एकदा बॉनेट उघडून बघा. नसेल काही तर नसेल. पण बघा.