विखुरलेली टिपणे

ऑब्सिडियन हे टिपणे ठेवण्याचे सॉफ्टवेअर होय. त्यास डेटाव्ह्यू नावाचे प्लगइन जोडले असता, एकच खूण केलेली सर्व टिपणे ते एका तक्त्यात मांडून दाखविते.

सुटीत मी ‘जुक्कल’ ही खूण मागितली. तीन टिपणे एकाखाली एक आली. भूगोलाचे: जुक्कल आज तेलंगणात आहे. इतिहासाचे: १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, परंतु देगलूर तालुक्यातील जुक्कल व बिचकुंदा ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली. तिसरे एका ओळीचे, गप्पांच्या ओघात सहज टिपलेले: आजीचे माहेर जुक्कल, लग्न १९५४.

महिनोन् महिने ही टिपणे निरनिराळ्या बासनांत पडून होती. म्हणजे आजी देगलुरास सासरी आली ती त्याच तालुक्यातून, आणि दोनच वर्षांत तिचे माहेर परराज्यात गेले! यंत्राने टिपणे शेजारी आणून ठेविली. ही वजाबाकी मात्र त्याने केली नाही.

आजी आता नव्वदीच्या घरात आहे. त्यानंतर माहेरी जाताना तिला काय वाटले, धाकट्या भावंडांच्या शाळेची भाषा बदलली काय, हे कोणत्याच टिपणात नाही. चौथे टिपण तिच्याच तोंडून घ्यावयाचे आहे. येत्या रविवारीच मी तिच्यापाशी बसणार आहे.