शेकडेवारीचं गणित

दिवाळीच्या सुट्टीत नातवाबरोबर त्यांच्या सोसायटीच्या जिममध्ये गेलो होतो. ट्रेडमिलवर एक तक्ता चिकटवलेला. वयानुसार नाडीचे ठोके, आणि त्यात 'चरबी जाळणारा' असा एक वेगळा पट्टा. तो पट्टा चक्क सावकाश चालण्याचा! मी मनातून खूश. गेली सात वर्षं मित्रांबरोबर बागेत रमतगमत फिरतो आणि येताना अमृततुल्यमध्ये थांबतो, ते सगळं शास्त्रशुद्धच निघालं की. मग पोट का हलत नाही, एवढाच प्रश्न उरला.

घरी येऊन वाचत बसलो. तक्ता खोटा नाही, पण शेकडेवारीत फसवतो. सावकाश चालताना शरीर चरबीतून जास्त वाटा घेतं, वेग वाढला की साखरेतून. पण समजा, हळू चालून अर्ध्या तासात शंभर कॅलरी खर्च झाल्या आणि त्यातल्या साठ चरबीतून आल्या. भरभर चालून दोनशे झाल्या आणि चाळीस टक्केच चरबीतून आल्या, तरी त्या ऐंशी भरतात. सातवीच्या मुलांना हेच तर शिकवायचो: टक्के कशाचे ते आधी बघा! शिवाय चालताना काय जळलं यापेक्षा दिवसाचा जमाखर्च महत्त्वाचा. खर्च सारखा असेल तर मध्यम चाल काय आणि धापा टाकत केलेला व्यायाम काय, चरबी साधारण सारखीच उतरते. जोरकस व्यायामात वेळ वाचतो, इतकंच. (माझ्या अमृततुल्यचा हिशोब इथे नको.)

डॉक्टरांना मात्र वजनापेक्षा कमरेची काळजी. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बायकांची ८०. माझी १०२, आणि साखर काठावर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. उंचीच्या मानानं वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! आपली चरबी अशी लपून बसते. पोटातली ही चरबी नियमित चालण्यानं कमी होते, कधीकधी वजनाचा काटा न हलताही. आणि स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर उचलतात, तो परिणाम पुढे काही तास टिकतो.

हे वाचताना एक गोष्ट टोचत राहिली. शाळेत पी.टी.चे सर रजेवर असले की तो तास माझ्याकडे यायचा. आठवीत एक जाड मुलगा होता. 'जरा उतरेल' म्हणून मी त्याला मैदानाला पाच फेऱ्या पळायला लावायचो. दुसऱ्या फेरीतच त्याला धाप लागायची, पोरं हसायची, मीही हसलो असेन. पुढे पुढे तो पी.टी.च्या दिवशी घरीच राहू लागला. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, अशा चालीनं त्याला अर्धा तास चालवलं असतं, तर त्याच्या गुडघ्यांना झेपलं असतं आणि तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला असता. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे खरं. पण त्याचा चेहरा तर दिसत होता.

असो.

डॉक्टरांना विचारून मी आता दिव्याच्या खांबांवर चालतो. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत भरभर, पुढचे दोन खांब सावकाश. मित्रमंडळी मागे राहतात, हाका मारतात. आठवड्याला दीडशे मिनिटं भरतील असं बघतो. दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठबस, म्हातारपणी झिजणाऱ्या स्नायूंसाठी. सहा महिन्यांत वजन उतरलं जेमतेम दीड किलो. सौ. म्हणते, "एवढी धावपळ करून हेच का?" मी बोलत नाही. पट्ट्याचं नवीन भोक दाखवतो. कंबर काल सकाळी ९७ भरली. टेप तिनंच धरली होती.