तरोट्याची भाजी

सन २०१८ च्या आषाढात आमच्या यजमानांची बदली चिचगडास झाली, तोवर पुण्याच्या मंडईबाहेरच्या पालेभाज्या आम्हांस ठाऊकच नव्हत्या. देवरी तालुक्यातले हे गाव छत्तीसगडच्या सीमेजवळ, रानाच्या कुशीत वसलेले. पावसाळ्यात सभोवार धानाच्या बांध्या तुडुंब भरलेल्या. सासूबाई बरोबर होत्या. गुहागरचे घर विकल्यापासून त्या पानावर बसत आणि दोन घास चिवडून उठत. हीच आमची मोठी चिंता.

श्रावणाच्या आरंभी एके सायंकाळी भांडी घासावयास येणाऱ्या बाईने कोवळ्या पाल्याची जुडी आणून दिली. नाव सांगितले तरोटा. सकाळी पाहू म्हणून ठेवली, तो दिवेलागणीस पाने मिटून खाली लोंबली! पाला सुकला असे समजून आम्ही तो उकिरड्यावर टाकला. सकाळी बाईने तो पाहिला. बोलली मात्र काहीच नाही. तिचे ते न बोलणे आम्हांस फार लागले.

कुंपणाशी तसलेच एक रोप उगवले होते. त्याची पाने पुन्हा टवटवीत उघडलेली. सासूबाई तेथे थबकल्या. "अगो, हा तर टाकळा! रात्री मिटतोच तो." आयुर्वेदातला चक्रमर्द तो हाच, नायट्यावर याचे बी वाटून लावीत, हेही त्यांनी सांगितले. इतके त्या कित्येक दिवसांत बोलल्या नव्हत्या.

आम्ही ओशाळून बाईची क्षमा मागितली. ती हसली व आम्हांस बांधावर घेऊन गेली. फूल येण्यापूर्वीचे शेंडे तेवढे खुडावे. जून पान कडवट व चरबट लागते. लसूण हवाच, असे तिचे मत. पण आमच्याकडे चातुर्मास! मग सासूबाईंच्या सांगण्यावरून हिंग व सुक्या मिरचीची फोडणी केली, भिजविलेली हरभऱ्याची डाळ परतली आणि चिरलेला पाला घालून झाकण ठेवले. बाजाराचा दिवस नव्हता, तेव्हा ओल्या नारळाऐवजी डब्याच्या तळचे सुके खोबरे किसून घातले. मीठ मात्र आम्ही कच्च्या पाल्याचा ढीग पाहून टाकले, आणि शिजून उरली जेमतेम दोन वाट्या.

त्या खारट भाजीबरोबर सासूबाईंनी दोनदा भात मागून घेतला. मग म्हणाल्या, "थोडी झाकून ठेव. बाई आली की तिला चव दाखव, आणि मीठ किती घालायचे ते विचारून घे."