सरोवराकाठचं फटफटीचं गाव

मिलानहून लेकोमार्गे उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की साधारण तासाभरात डाव्या हाताला कोमो सरोवराचं पाणी लागतं. उजवीकडे ग्रिन्याचे उघडेबोडके कडे आणि मधल्या पट्टीत मांडेल्लो देल लारिओ हे गाव! कौलारू घरं, काठाला बांधलेल्या होड्या आणि स्टेशनापासून जवळच एक जुना कारखाना. 1921 पासून 'मोतो गुझ्झी' मोटरसायकली इथल्याच.

त्यांच्या टाकीवरच्या गरुडाची कथा चटका लावणारी आहे. पहिल्या महायुद्धात तिघा मित्रांनी कारखान्याचा बेत केला होता. त्यांतला वैमानिक राव्हेल्ली 1919 साली विमान कोसळून गेला. कार्लो गुझ्झी आणि जॉर्जो पारोदी या उरलेल्या दोघांनी त्याची आठवण म्हणून गरुड हेच आपलं चिन्ह ठरवलं.

दर सप्टेंबरात इथे गुझ्झीवाल्यांचा मेळा भरतो. गप्पांचा विषय ठरलेला, शाफ्ट की चेन? पुरुषांचं बोलणं म्हणून आपण सोडून देतो खरं, पण मागच्या सीटवर कोण बसतं? चेनचं काळं वंगण कुणाच्या साडीला लागतं, आणि ते धुऊन काढायचं कुणी? 1967 पासून विकल्या जाऊ लागलेल्या 'व्ही सेव्हन'पासून गुझ्झीच्या मोठ्या गाड्यांना चेनच नाही. इंजिनातून निघालेला फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, नळीतून थेट मागच्या चाकापर्यंत जातो. तिथे दातेरी चक्रं चाक फिरवतात. ना चेन ताणणं, ना रोज वंगण. ठरल्या अंतराला तेल बदललं की झालं.

चेनवाले म्हणतात, शाफ्ट जड, त्यात थोडी ताकद वाया जाते आणि एकदम ॲक्सिलरेटर पिळला की जुन्या गाडीची पाठ वर उचलते. खरं आहे ते. पण शर्यत कुणाला लावायचीय? घरच्या गाडीला मी शाफ्टलाच मत देईन. पदर मात्र तरीही खोचूनच बसायचं हं, चाक तर फिरतंच ना! आपल्याकडे 1989 च्या मोटार वाहन नियमांत मागचं निम्मं चाक झाकणारी जाळी सांगितली आहे, ती याचसाठी.

दुसरा वाद सुट्या भागांचा, आणि तो थेट घरखर्चाला भिडतो. 1970 नंतरच्या दशकातल्या बऱ्याच 850 गाड्यांच्या सिलिंडरला आतून क्रोमचा मुलामा होता. भांड्याची कल्हई जाते तसा तो वर्षांनी सुटतो. पण इथे त्याच्या कडक कपच्या तेलात मिसळून बेअरिंगं खातात. उपाय म्हणजे निकासिल मुलाम्याचे नवे सिलिंडर. गंमत अशी, की ते करणारा गिलार्दोनींचा कारखानाही याच मांडेल्लोचा! हौशी मंडळी त्याच खेपेला 83 मिलिमीटरच्या जागी 88 चे सिलिंडर घालून 844 सीसीचं इंजिन 949 चं करतात.

घरात अशी जुनी गाडी असेल, तर पहिल्या खर्चाला खुशाल हो म्हणा. तो टाळला तर पुढे अख्खं इंजिन उघडावं लागतं. दुसरी निव्वळ हौस. ती दिवाळीनंतर बघू म्हणावं!

जायचं तर मेळ्याच्या दिवसांत मुक्काम आधीच ठरवा. गाव लहान, आणि माणसं फार.