आधी अर्ज, मग डोंगर

कोलंबसाबद्दल शाळेत आपल्याला एवढंच शिकवलं : १४९२ साली भारत शोधायला निघाला आणि अमेरिकेला पोचला. तिथं आधी कोण राहत होतं, हा प्रश्न परीक्षेला कधी आलाच नाही.

राहत होते ताइनो. आज हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे देश ज्या बेटावर आहेत, त्या हिस्पॅनिओलावर त्यांची मोठी वस्ती. शेती करणारे, कसावाच्या कंदाची भाकरी खाणारे लोक. त्यांच्याबद्दल कुठं वाचायला मिळालंच तर सूर एकच : बिचारे भोळे होते, संपले.

हे अर्धंच खरं आहे.

कोलंबस पहिल्या फेरीत ३९ माणसं बेटावर ठेवून गेला. नोव्हेंबर १४९३ मध्ये परत आला तर गढी जळालेली आणि माणूस एकही जिवंत नाही. पुढं त्यानं कर बसवला : सोन्याच्या मुलखातल्या चौदा वर्षांवरच्या प्रत्येकानं दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायातल्या घुंगरात मावेल एवढं सोनं द्यायचं. ताइनोंनी काय केलं? लागवडच बंद केली. स्पॅनिश लोक उपाशी मरून निघून जातील, हा हिशेब. दुष्काळ पडला, आणि जास्त मेले ते ताइनोच.

१५०३ मध्ये गव्हर्नर ओव्हांदो हाराग्वाच्या राणीकडे, आनाकाओनाकडे, पाहुणा म्हणून गेला. तिनं थाटात स्वागत केलं. त्यानं तिच्या सरदारांना घरात कोंडून ते घर पेटवलं आणि नंतर तिला फाशी दिलं.

पण मला सांगायचंय ते एन्रिकिओबद्दल. फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी वाढवलेला, स्पॅनिश लिहिता-वाचता येणारा ताइनो सरदार. तरी त्याला आपल्या माणसांसह वालेन्सुएला नावाच्या स्पॅनिश मालकाकडे राबावं लागे. मालकानं त्याची घोडी बळकावली, बायकोवर हात टाकला. एन्रिकिओनं लगेच भाला उचलला नाही. तो स्थानिक अधिकाऱ्याकडे गेला. त्यानं दाद तर दिलीच नाही, उलट यालाच तुरुंगात टाकलं. सुटल्यावर गडी चालत सांतो दोमिंगोच्या वरिष्ठ न्यायालयात गेला. तिथून कागद मिळाला, पण तो त्याच अधिकाऱ्याच्या नावे!

'पुढील कार्यवाहीसाठी रवाना' हा शेरा बातमीदारीत इतक्या वेळा पाहिलाय, की ५०० वर्षांपूर्वीचा हा कागद मला अजिबात जुना वाटत नाही.

१५१९ मध्ये एन्रिकिओ माणसं घेऊन बाओरुकोच्या डोंगरात शिरला. मालक धरायला आला, हरला. त्याला जिवंत सोडून दिलं. शेतं वेगवेगळ्या ठिकाणी पेरली, म्हातारी माणसं आणि पोरं खोल रानात लपवली. पळून आलेले आफ्रिकन गुलामही येऊन मिळाले. जवळपास चौदा वर्षं एकामागून एक मोहिमा फसल्या. शेवटी १५३३ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सचं पत्र घेऊन सेनापती डोंगरात आला आणि तह झाला. एन्रिकिओची माणसं मोकळी राहिली. जो न्याय अर्ज करून मिळाला नाही, तो असा मिळवावा लागला.

हा विजय सगळ्या ताइनोंचा नव्हता, हेही सांगायला हवं. १५१४ च्या मोजणीत बेटावर जेमतेम २६ हजार ताइनो उरले होते, आणि १५१८ च्या शेवटी देवीची साथ आली. तरी ते 'नामशेष' झाले म्हणणं बरोबर नाही. पोर्तो रिकोत निम्म्याहून जास्त लोकांच्या आईकडच्या वंशात मूळ रहिवाशांची खूण सापडते. आपण मंडईत बटाटा मागतो, तो शब्दही मूळचा ताइनोंच्या रताळ्याचा. पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आला.

एन्रिकिओची हकीकत बार्तोलोमे दे लास कासास या पाद्र्यानं लिहून ठेवली, म्हणून आपल्याला कळते. गंमत म्हणजे ताइनोंना गरीब मेंढरं म्हणणाराही हाच. तो त्यांच्याच बाजूचा होता. पण मेंढरं म्हटलं की लोक कीव करतात, आणि त्यांनी आधी कुठं कुठं दाद मागितली होती, हे विचारायचं राहून जातं.

पोरांना कोलंबस शिकवताना एन्रिकिओचं नावही सांगा.