सेवेला टीडीएस लागतो का?

रामेश्वराचा कौल झाला की अख्खं आचरा गुरं-कोंबड्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर. त्याची ना हजेरी, ना भत्ता! रामनवमीच्या उत्सवात राबणारेही घरचेच, मुंबईहून रजा टाकून आलेले. आता इन्कम टॅक्सच्या भाषेत हे देवाचे 'कर्मचारी' का? प्रश्न वेडगळ वाटेल, पण असलाच एक सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता.

केस तमिळनाडू-केरळातली. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या नन आणि पाद्री. पगार सरकारी, पण त्यांचं दारिद्र्याचं व्रत, म्हणून पैसा सगळा धर्मसंस्थेला. मग टीडीएस कशाला, असं म्हणणं. ७ नोव्हेंबर २०२४ ला कोर्टाने अपिलं फेटाळली. पगार ज्याचा, कर त्याचा. पुढे तो देवाला द्या नाहीतर आईला.

म्हणजे लॉजिक सोपं आहे. कफनी की झगा, हे इनपुटच नाही. पगार ठरलाय का आणि काम कोणाच्या हुकमाने चालतं, एवढंच बघायचं. प्रसादाचा नारळ म्हणजे पगार नव्हे. पण एखाद्या देवळात रोज पहाटे झाडलोट करणाऱ्याला दरमहा ठरलेलं 'मानधन' मिळत असेल, तर नुसता शब्द बदलून सुटका नाही.

खरं तर एवढ्याशा मानधनावर कर बसतच नाही. मुद्दा वेगळाच आहे. 'कर्मचारी' म्हटलं की रजा, पीएफ निदान मागता तरी येतो. 'सेवेकरी' म्हटलं की फक्त मान. उत्सवात चार दिवस राबणाऱ्याला तो पुरतो हो. वर्षभर झाडू मारणाऱ्याला कसा पुरणार?